स्किन कलरचा खडू

अगं, तुझे दोन्ही फोटो मिळाले. रात्री साडेअकराला पाठवलेस आणि खाली एवढंच लिहिलंस, 'ताई, यातला कुठला पाठवू?' मी चष्मा शोधून दोन्ही नीट पाहिले. पहिला तुझा आहे. दुसऱ्यातली मुलगी मला ओळखू आली ती कानातल्या कुड्यांमुळे, कारण त्या कुड्या माझ्या आहेत.

स्टुडिओवाल्याने बरेच कष्ट घेतलेत. रंग दोन-तीन पायऱ्या वर चढवलाय, नाकाच्या बाजू आत घेतल्यात, हनुवटी निमुळती केलीय. डाव्या भुवईवरची खोक तर पुसूनच टाकलीय. हापशाच्या दांड्यावर आपटलीस तेव्हाची ती. चार टाके पडले होते आणि दवाखान्यात तुझं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. त्या खोकेवर माझाही थोडा हक्क आहे, म्हणून जास्त राग आला. आणि वर त्याचं म्हणणं, 'वेगळे पैसे नको, स्थळासाठीच्या फोटोला एवढं आम्ही करूनच देतो.' हे मला कळवताना तू पुढे हसरा चेहरा टाकलास. ते हसू मला काही खरं वाटलं नाही.

बाकीच्या बातम्या आईकडून कळल्या. मुलाकडचे पुढच्या महिन्यात येणार, तोवर तुला दुपारची गच्ची बंद. कुरडयांसाठी गहू भिजत घातलेत, रविवारी चीक शिजवायचा, आणि या वर्षी आई एकटीच वर उन्हात बसून सोऱ्या दाबणार. तिची कंबर दुखते हे तिला चालेल, तुझा रंग उतरलेला चालणार नाही.

मी तुला 'मन सुंदर असलं म्हणजे झालं' असलं काही सांगणार नाही, घाबरू नकोस. माझ्या वेळी हे मला पाच-सहा जणींनी ऐकवलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकीने स्वतःच्या मुलासाठी निवडून गोरी सून आणली. मी चित्रकलेची बाई आहे. मला जे थोडंफार कळतं ते रंगांचं आणि चित्रांचं. तेच सांगते.

वर्गात रोज एक वाक्य कानावर येतं, 'बाई, स्किन कलर द्या ना.' मुलांच्या रंगपेटीत फिकट गुलाबीसर पिवळट एक खडू असतो, त्याला सगळी मुलं स्किन कलर म्हणतात. त्या खडूच्या रंगाची कातडी आमच्या वर्गात एकाचीही नाही, माझीही नाही. तरी स्वतःचं चित्र काढायला सांगितलं की साठच्या साठ जण तोच खडू मागतात, आणि पेटीत तो सगळ्यात आधी झिजतो. पूर्वी मी मुकाट्याने देत असे. आता सांगते, आपापला हात कागदाशेजारी ठेवा आणि रंग मिसळून तो जमतोय का बघा. पिवळा, तांबडा, थोडा निळा, कुणाला थोडा जास्त निळा. तास संपतो पण मुलं उठत नाहीत, इतका तो रंग काढणं अवघड आहे. सावळा रंग काढायला हात बसावा लागतो बरं का. गुलाबी कुणालाही जमतो.

हे ज्यांना जमलं होतं ते आपल्या घरापासून काही तासांवर काम करून गेलेत. दर वर्षी सहलीला मी पोरांना अजिंठ्याला नेते. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती लेणी दिसली आणि जगाला कळली. पण आपण बघायला जातो ती बहुतेक चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर सगळे उभे राहतात, राहावंच. पण मी पोरांना त्या लेण्यातली सावळी राजकन्या शोधायला लावते. गाईड तिला 'ब्लॅक प्रिन्सेस' म्हणतात. डोक्यावर मुकुट, गळ्यात दागिने, आणि अंगाचा रंग चक्क काळासावळा. मागच्या वर्षी एका पोरीने विचारलं, 'बाई, ही दासी का?' मी म्हटलं, दासीच्या डोक्यावर मुकुट असतो का गं? ती बराच वेळ बघत राहिली. तिचा स्वतःचा रंग त्या राजकन्येपेक्षा दोन छटा उजळ असेल नसेल.

त्या चित्रकारांकडे पांढरा रंग नव्हता असं समजू नकोस. पांढरा होता, गेरू होता, पिवळी माती होती, काजळी होती, निळा तर लांबच्या देशातून आलेल्या लाजवर्द दगडाचा होता. अजिंठ्यात गोऱ्या बायकाही आहेत, गव्हाळ आहेत, हिरवट छटेच्यासुद्धा आहेत. एकीच्या शेजारी दुसरी उभी केली की दोघीही खुलतात, एवढा साधा हिशेब त्यांचा. सतराव्या लेण्यात हातात आरसा धरून नटणारी एक आहे. मान किंचित कललेली, नजर आरशात. मी तिला इतक्या वेळा पाहिलंय, पण तिच्या चेहऱ्यावर 'कुठे काही चुकलं तर नाही ना' ही धाकधूक मला कधी दिसली नाही. आपण आरशात बघतो तेव्हा पहिल्यांदा तीच दिसते.

आता तू म्हणशील, म्हणजे जुनं ते सोनं. छे. त्या बायकांच्या कमरा बघितल्यास का? मुठीत मावतील अशा. खाली तेवढाच भरगच्च नितंबांचा भार. तेवढ्याशा कमरेतून जेवण खाली उतरणार कुठून! सोळावं लेणं दान दिलं ते हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने. असल्या दानशूरांचं, दरबाराचं, श्रीमंत व्यापाऱ्यांचं जग त्या भिंतींवर आहे, आणि सुंदर कोण हे त्या जगाने ठरवलंय. उन्हात खुरपणाऱ्या बाईच्या दंडाला त्यात फारशी जागा नाही. फक्त त्यांच्या यादीत रंगाचा रकाना आपल्यासारखा नव्हता, इतकंच. महाभारतातली सगळ्यात देखणी बाई कोण? द्रौपदी. तिचं दुसरं नाव काय? कृष्णा. काळी म्हणून कृष्णा, आणि तिच्यासाठी राजे धनुष्याला प्रत्यंचा चढवायला रांगेत उभे. पुढे राजा रविवर्म्याने विराटाच्या राजवाड्यातली द्रौपदी रंगवली ती बघ कधी, गोरीपान आहे. मधल्या काळात तिला कुणी कसला लेप लावला?

सगळं खापर इंग्रजांवर फोडायचं तर सोपं जातं, सभेत टाळ्याही मिळतात. पण मला ते पटत नाही. ओव्यांत आणि लावण्यांत गोरीचं कौतुक साहेब यायच्या आधीपासून आहे, आणि आपल्या आजीची हळद-डाळीच्या पिठाची वाटी काही विलायतेहून आलेली नव्हती. उन्हात राबावं लागतं त्याचा रंग रापतो, सावलीत बसायची ऐपत असते त्याचा टिकतो. यात जात आली, पैसा आला. साहेब आला तेव्हा राज्य करणाराच गोरा झाला, म्हणजे आधीच्या उतरणीवर कुणीतरी तेल ओतलं.

रविवर्म्याचं नाव निघालंच आहे तर आजीच्या देवघराबद्दल बोलू. आठवतं ना? कमळातली लक्ष्मी, दोन बाजूंना हत्ती, काचेच्या कोपऱ्यात उदबत्तीचा तपकिरी डाग. ती लक्ष्मी मुळात रविवर्म्याची. हा केरळातल्या किळिमानूरचा, जन्म १८४८ चा. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्याच्या चित्राला बक्षीस मिळालं. केसांत गजरा माळणारी नायर बाई होती त्यात. पण आपल्या घरात तो आला तो छापखान्यामुळे. १८९४ मध्ये त्याने मुंबईत दगडी छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. एकेका रंगाला एकेक दगड, एकावर एक ठसा, आणि तैलचित्रासारखी दिसणारी देवी स्वस्तात दारोदार. त्याच्या कितीतरी देव्या आणि नायिका आपल्या नऊवारीची आठवण करून देणाऱ्या लुगड्यात आहेत, याचा आजीला कोण अभिमान!

मी रविवर्म्याला नावं ठेवणार नाही. देवळाच्या पायरीशी ज्यांना अडवलं जायचं, त्यांच्याही भिंतीवर त्याच्या छापामुळे देवी आली. एवढं पुण्य किती चित्रकारांच्या वाट्याला येतं! पण त्याबरोबर एक झालं. त्याआधी गावोगावच्या देवीला आपापला चेहरा होता. माहूरच्या रेणुकेचा शेंदराने माखलेला भलामोठा मुखवटा. तुळजापूरची भवानी काळ्या पाषाणाची. कुठे नुसता तांदळा, त्याला चांदीचे डोळे. आता सगळीकडे एकच चेहरा पोचला. गुलाबी गोरा, गोल, बारीक जिवणीचा, डोळे मोठे. दिवसातून दोनदा हात जोडून आपण त्याच्याकडे बघत वाढलो. आपली आजी तुळजापूरला जाऊन काळ्या भवानीपुढे लोटांगण घालून यायची, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या आईला म्हणायची, 'या पोरीला उन्हात नको गं धाडत जाऊस, काळवंडली बघ.' विठ्ठलाला सावळा म्हणताना तिचा आवाज मऊ व्हायचा. आपल्याला म्हणताना नाही.

पुढची गोष्ट ऐकून हसशील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी बाईने कसं दिसावं हे एका पुरुषाने ठरवलं. खरंच. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९११ मध्ये 'मानापमान'मधली भामिनी, १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१९ मध्ये 'एकच प्याला'मधली सिंधू. भरजरी शालू, गजरा, नथ, चालण्यातला तो झोक. घरंदाज बायका नाटकाला जायच्या आणि घरी येऊन त्यांच्यासारखा खोपा घालायच्या, पदर घ्यायच्या, तसले दागिने घडवायला सांगायच्या. बायकांनी रंगमंचावर उभं राहायचं नाही, कारण ते कुलीनपणाला शोभत नाही. मग बाईचा पार्ट पुरुषाने करायचा, आणि मग बायकांनी बाई कसं असावं हे त्याच्याकडून शिकायचं! १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांची तारामतीसुद्धा पुरुषच होती, आधी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके.

मी बालगंधर्वांची छायाचित्रं बघते तेव्हा मला ते सुंदरच दिसतात, खोटं का बोलू. पण त्यांचा खांदा बघ, मनगट बघ. आणि मग विचार कर, त्या काळच्या कितीजणी आरशासमोर उभ्या राहून 'आपल्याला तो डौल नाही' म्हणून खट्टू झाल्या असतील. तो डौल बाईचा नव्हताच. एका फार मोठ्या नटाने तो रियाज करून कमावला होता.

या सगळ्यात आपल्या घरची गोष्ट राहिली. आत्याला बघायला आले होते तेव्हा तिला चालायला लावलं, लंगडत नाही ना म्हणून. वेणी सोडायला लावली, गंगावन नाही ना म्हणून. मुलाच्या मामीने तर तिच्या बांगड्या वर सरकवून खालची कातडी पाहिली, कारण तिथला रंग 'खरा' असतो म्हणे. आणि नकार कशावरून आला? मुलगी काडीसारखी आहे, अंगात काही नाही, बाळंतपण झेपायचं नाही. त्यानंतर दोन वर्षं आत्याला तुपात भिजवलेले खजूर चारले. पुढे तिच्याच मुलीला बघायला आले, तोवर काळ बदलला होता. तिला नकार आला जाड म्हणून. तेच घर, तेच तूप, तीच हाडं. आत्या परवा मला म्हणाली, 'मी तिच्या वेळी जन्मले असते आणि ती माझ्या वेळी, तर दोघी पहिल्या कार्यक्रमात उजवल्या असत्या.' हसत होती सांगताना, पण खजुराला ती अजून हात लावत नाही.

बाजारात हे फार लवकर ओळखलं गेलं. १९१९ मध्ये मुंबईत पाटणवालांनी अफगाण स्नो काढला, आईच्या कपाटात त्याची निळी बाटली तू पाहिली असशील. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या, पदवी घेतलेल्या, शिकलेल्या मराठी नटी. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली आणि गोरेपणा नळीत मिळायला लागला. त्या जाहिरातींची गोष्ट एकच: आधी नोकरी नाही, लग्न नाही, मग काही आठवडे क्रीम, मग दोन्ही. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, जगभर वर्णभेदाविरुद्ध ओरड झाली तेव्हा कंपनीने नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' टाकलं. आपल्या भाषेने ही युक्ती केव्हाच केली होती. आपण 'गोरी' कुठे म्हणतो? 'उजळ' म्हणतो. 'निमगोरी' म्हणतो. केवढा कारागिरीचा शब्द आहे तो! गोरी म्हणता येत नाही आणि सावळी म्हणायचं नाही, म्हणून मधोमध एक पाट मांडून दिला. 'काळीसावळी आहे पण नाकीडोळी नीटस' या वाक्यातला तो 'पण' मी आयुष्यभर ऐकलाय. माझ्यावर बोलायला लागलं की लोकांना तो लागायचाच.

आता या यादीला न जुमानणाऱ्या दोघी-तिघींबद्दल सांगते, मग झोप.

रीटा फारिया, मूळची गोव्याच्या घरातली, मुंबईत डॉक्टरकी शिकत होती. १९६६ मध्ये लंडनला जाऊन मिस वर्ल्ड झाली, आपल्या देशातली पहिली. वर्षभर तो मुकुट सांभाळला आणि सिनेमाबिनेमाच्या वाटेला न जाता परत शरीरशास्त्राच्या पुस्तकाकडे गेली, डॉक्टर झाली. मला ती आवडते ती याचसाठी. सुंदर असणं हे तिने एका वर्षाच्या नोकरीसारखं केलं आणि मुदत संपल्यावर सोडलं.

दुसरी अमृता शेरगिल. पॅरिसमध्ये शिकलेली, अर्धी हंगेरियन, मनात आणलं असतं तर गोऱ्याच बायका रंगवत बसली असती. १९३५ मध्ये तिने 'थ्री गर्ल्स' काढलं. त्यात तीन मुली बसल्यात, रंगाने मातकट, डोळे खाली. आपल्याकडे बघतच नाहीत. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, या आत पोह्यांची ताटली घेऊन जायची वाट बघतायत. त्या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्याच सुमारास ती अजिंठा बघून आली होती. ज्या भिंतीसमोर मी पोरांना उभं करते, तिथे तीही उभी राहिली असणार, या विचाराने मला अजून काटा येतो. अठ्ठावीस वर्षांची गेली बिचारी.

आणि स्मिता पाटील. मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची तेव्हा आईने तिला पाहिलंय. 'भूमिका' १९७७ चा, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार. 'उंबरठा' १९८२ चा. आईला विचार, ती अजून सांगते, 'त्या पोरीवरून नजर हलायची नाही.' मग विचार, 'आई, तिचा रंग कसा होता गं?' बघ काय म्हणते ते. मी विचारलं होतं. आई जरा थांबून म्हणाली, 'ते कुठे दिसायचं!'

आता क्रीमचं. मावशीने आणून दिलेली ती बिनलेबलाची डबी तू वापरायला सुरुवात केलीस ना? आजच बंद कर. रागावून नाही सांगत, भीतीने सांगतेय. झटपट उजळवणाऱ्या कितीतरी मलमांत स्टिरॉइड असतं. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा चकचकीत होतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, आणि थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं. काहींत पारा असतो. केरळात मलप्पुरमकडे २०२३ मध्ये असल्याच क्रीमांमुळे मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण डॉक्टरांना सापडले. डबीवर काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर ती डबी चेहऱ्याची नाही. आणि फार दिवस लावली असशील तर तडकाफडकी सोडण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, मी येते सोबत.

माझं तुला माहीत नाही. मी अकरा वर्षं लावलं. पेठेतल्या दुकानात नाव न घेता 'ती नळी द्या' म्हणायचे, दुकानदारही वर न बघता द्यायचा. नोकरीच्या पहिल्या पगारातून मी दोन गोष्टी घेतल्या, एक जलरंगांची पेटी आणि एक तिची मोठी ट्यूब. एका हाताने सावळा रंग मिसळायला शिकत होते, दुसऱ्याने पुसत होते. बंद केली ती काही साक्षात्काराने नाही. तुझ्या भाऊजींनी एकदा बेसिनवरून ती उचलून वाचली आणि सहज विचारलं, 'हे कशासाठी?' त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही.

आणि एक सांगायचंय, ते गेली काही वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं. तू सात वर्षांची होतीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत लंगडी खेळून घामाघूम होऊन आलीस, गाल लाल, केस चिकटलेले, दोन्ही गुडघे मळलेले, आणि मला काहीतरी सांगायला धावत आलीस. मी म्हणाले, 'ई, किती काळी झालीस गं! कोण करणार तुझ्याशी लग्न?' तू काय सांगायला आली होतीस ते मला आजही माहीत नाही, कारण तू सांगितलंच नाहीस. न्हाणीघरात जाऊन वज्रीने हात घासत बसलीस. ते आजीने सांगितलं नव्हतं, मामीने नव्हतं, जाहिरातीने नव्हतं. मी सांगितलं होतं. काल तुझा तो गुलाबी फोटो बघितला आणि मला ती वज्री आठवली. स्टुडिओवाल्यावर मी एवढी भडकले त्यातला निम्मा राग कुणावरचा होता, ते तूच ओळख.

तेव्हा फोटोचं असं कर. पहिला पाठव, खोकेसकट. बायोडाटात 'वर्ण' असा रकाना काकूंनी घातलाय, तो काढून टाक. त्या विचारतील, तेव्हा मुलाचा बायोडाटा समोर धर आणि त्यात तो रकाना कुठे आहे ते दाखवायला सांग. नसणारच, मी पैज लावते. यामुळे हे स्थळ गेलं तर आईचा चेहरा चार दिवस पडेल, तू थोडी रडशील, मी खोटं सांगत नाही. या वेळी सावळ्या रंगावरून नकार येणारच नाही असं मला म्हणता येत नाही, जग काही रात्रीत बदललं नाहीये. पण जो येईल तो तुला बघून येईल. त्या कुड्या घातलेल्या दुसऱ्या पोरीला बघून नाही. नाहीतर लग्नानंतर रोज सकाळी उठून तिच्यासारखं दिसायची ड्यूटी तुझ्यावर येईल, आणि ती पोरगी कुठे राहते हे त्या स्टुडिओवाल्यालाही ठाऊक नाही.

आईशी भांडू नकोस. तिला नव्वदच्या दशकात तिच्या सासूने काय काय ऐकवलंय ते मी ऐकलंय, तुझा तेव्हा जन्मही नव्हता. ती तुझा रंग लपवत नाहीये, तिला त्यातलं काही तुझ्या वाट्याला येऊ द्यायचं नाहीये. तिच्या हातात दुसरं हत्यार नाही म्हणून ती गच्चीचं दार लावते. काकूंना मी फोन करते, माझं नाव पुढे कर.

शनिवारी रात्रीच्या बसने निघतेय, रविवारी पहाटे पोचेन. येताना शाळेतले जुने रंग आणि दोन कोरे कागद आणते. तू मात्र साचे धुऊन ठेव, सोऱ्याची ती बारीक भोकांची चकती मागच्या वर्षी फडताळाच्या वरच्या खणात ठेवली होती. चीक गरम असतानाच वर न्यावा लागतो, गार झाला की कुरडई तुटते, म्हणजे नऊच्या आत गच्चीवर हवं. आई अडवेल. म्हण, ताईने बोलावलंय.